क्षमा करायची कोणी?

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाताना अमडापूर लागते. टेकडीवर बल्लाळदेवी, खाली मोठी वस्ती, गावात पोलीस ठाणे आणि चहूकडे सोयाबीन, तूर, कपाशीची शेते. या पट्ट्यात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. शेजारी नांगरताना एक तास अलीकडे घेतो, पुढच्या हंगामात आणखी एक, आणि काही वर्षांत धुरा हात-दोन हात सरकलेला असतो. आधी बोलणे बंद होते, मग बाया नळावर एकमेकींकडे पाहीनाशा होतात, आणि एखाद्या पेरणीला काठ्या निघतात. डोके फुटलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की ओसरीवर सोयरे जमतात. त्यांच्यातला एखादा वडीलधारा म्हणतोच, "जाऊ दे ना बापा, मोठ्या मनानं माफ करून टाक. वरचा पाहून घेईल."

हा सल्ला देणाऱ्याला वाटते की आपण धर्माचे बोललो. तो खरोखर धर्माचा सल्ला आहे का, याबद्दल मात्र धर्मग्रंथांतच फार जुना आणि कडाक्याचा वाद आहे. सप्ताहात कीर्तन ऐकून घरी जाणाऱ्या माणसाला त्या वादाची एकच बाजू कळते, म्हणून तो इथे जरा सविस्तर मांडतो.

महाभारताच्या वनपर्वापासून सुरुवात करू. द्यूतात सर्वस्व गेले आहे, भर सभेत द्रौपदीची विटंबना झाली आहे आणि पांडव वनात आहेत. युधिष्ठिर शांत आहे, आणि त्याची ती शांतता द्रौपदीला सहन होत नाही. "तुम्हाला राग कसा येत नाही?" असे ती त्याला विचारते. पण ती नुसती चिडून बोलत नाही, दाखला काढते आणि तोही प्रल्हादाचा, म्हणजे ज्याने बापाचा छळ सोसला त्याचाच. नातू बळी प्रल्हादाला विचारतो की क्षमा श्रेष्ठ की तेज? प्रल्हाद उत्तर देतो की नेहमी तेजही बरे नाही आणि नेहमी क्षमाही बरी नाही. सदा क्षमा करणाऱ्याला नोकरचाकरही जुमानत नाहीत, त्याचे धन लोक लुबाडतात, त्याच्या घरच्यांचाही अपमान करायला कोणी कचरत नाही. मग क्षमा कधी करावी? ज्याने पूर्वी आपल्यावर उपकार केले आहेत त्याला करावी. नकळत चूक झालेल्याला करावी, पण खरोखर नकळत झाली का याची चौकशी करून. पहिला अपराध पोटात घालावा. त्याच माणसाचा दुसरा अपराध लहान असला तरी दंड द्यावा. जाणूनबुजून करून वर "चुकून झाले" म्हणणाऱ्याला तर सोडूच नये.

युधिष्ठिराचे उत्तरही लेचेपेचे नाही. शिवीला शिवी, माराला मार असे सुरू झाले तर बाप लेकाला आणि लेक बापाला मारील, जग उरायचे नाही, असे तो म्हणतो. काश्यपाची क्षमेवरची गाथा तो सांगतो. तिच्यात क्षमा हाच धर्म, हाच यज्ञ आणि हाच वेद मानला आहे. व्यासांनी या दोघांपैकी कोणालाही गप्प केलेले नाही. आपण मात्र युधिष्ठिराची बाजू तेवढी सुभाषितांच्या पुस्तकात घेतली आणि द्रौपदीची बाजू सोडली.

मराठी संतांकडे आले की क्षमेचे पारडे जड होते. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे ही संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून त्यांची समजूत घातली, ती ताटीच्या अभंगांतून. तिचे म्हणणे साधे होते. लोकांचे अपराध सोसण्याची ताकद नसेल तर योगी कशाला म्हणवायचे? पुढे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानदेवांनी पसायदान मागितले. त्यात खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा खळपणा जावा एवढेच मागितले आहे. मुक्ताईची पालखी दरवर्षी मुक्ताईनगरहून निघते आणि बुलढाणा जिल्ह्यातून पंढरीला जाते. इथल्या लोकांना ही गोष्ट कोणी नव्याने सांगावी लागत नाही.

एकनाथांची कथाही घरोघरी माहीत आहे. पैठणला गोदावरीत स्नान करून वर येताना एक जण अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात, आणि हे 108 वेळा घडते. शेवटी तोच माणूस पायावर पडतो. तुकोबांना त्यांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने काटेरी फांद्यांनी झोडपले. त्या रात्री तो कीर्तनाला आला नाही, तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्याकडे गेले आणि मारून मारून दुखलेले त्याचे हात चेपून दिले, असे संतचरित्रकार महिपती सांगतात.

कीर्तनात ऐकायला मिळते ते बहुतेक इथपर्यंतच. पण त्याच तुकोबांनी दयेची व्याख्या करताना प्राणिमात्रांचे पालन आणि कंटकांचे निर्दालन या दोन्ही गोष्टी दयेतच बसवल्या आहेत. नाठाळाच्या डोक्यात काठी घालायला ते कचरत नाहीत. रामदासांचा दासबोध तर लबाडाला लबाडच भेटवावा असे राजकारण उघड सांगतो. मग मंबाजीचे हात चेपणारे तुकोबा खरे की काठी उगारणारे? माझ्या मते दोन्ही खरे, कारण दोन्ही ठिकाणी मार खाणारा वेगळा आहे. मंबाजीने मारले ते तुकोबांना. कंटक छळतो तो दुसऱ्या कोणा दुबळ्याला. स्वतःच्या पाठीवरचा वळ माफ करायचा अधिकार तुकोबांना होता. दुसऱ्याच्या पाठीवरचा वळ माफ करण्याचा अधिकार त्यांनी कधी घेतला नाही.

हाच धागा आपल्या जिल्ह्यातल्या शेगावातही सापडतो. दासगणूंच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाची पारायणे इथल्या घरांत होतात, पण त्यातले दोन प्रसंग शेजारी ठेवून सहसा कोणी वाचत नाही. पहिला पाटलांच्या पोरांचा. गजानन महाराज मारुतीच्या देवळात असताना पाटलांची तरणी पोरे त्यांची टर उडवत, अंगचटीला येत. एके दिवशी ती उसाच्या मोळ्या घेऊन आली. योगी असाल तर अंगावर वळ उठणार नाही, पाहूच, असे म्हणून त्यांनी उसांनी महाराजांना झोडपून काढले. वळ उठले नाहीत. पोरे दमली, तेव्हा महाराज म्हणाले की मारून तुमचे हात दुखले असतील, बसा, तुम्हाला रस देतो. आणि चरकाशिवाय, नुसत्या हातांनी ते ऊस पिळून त्यांनी त्या पोरांना रस पाजला. दुसरा प्रसंग विठोबा नावाच्या सेवेकऱ्याचा. महाराजांच्या जवळ राहून तो शेफारला, महाराजांच्या नावावर लोकांवर हुकमत गाजवू लागला. त्याला मात्र महाराजांनी काठीने बदडले आणि तो तिथून पळाला. उसाचा मार महाराजांच्या स्वतःच्या अंगावर पडला होता. सेवेकऱ्याच्या ढोंगाचा मार भाविकांवर पडत होता. चमत्कार मानायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण या दोन प्रसंगांत जो फरक आहे, तो न मानणाऱ्यालाही दिसावा.

याच ग्रंथात 1908 च्या अकोल्यातल्या शिवजयंतीचे वर्णन आहे. व्यासपीठावर लोकमान्य टिळक आणि गजानन महाराज. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले. ते 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. क्षमेच्या वादात मराठीतले सर्वांत तर्कशुद्ध लेखन त्याच ग्रंथात आहे, असे मी मानतो. टिळक प्रल्हादाचाच दाखला पुढे आणतात. गीता माणसाला निर्वैर व्हायला सांगते, पण निर्वैर म्हणजे प्रतिकार सोडणे नव्हे, असा त्यांचा मुद्दा आहे. मनात द्वेष नको, हातात दंड असू शकतो. सगळेच साधू असलेल्या समाजात केवळ क्षमेने भागेल. पण ज्या समाजात दुष्ट मोकळे फिरतात तिथे ज्ञानी माणसानेही वैर न धरता दुष्टाला आवरले पाहिजे, नाहीतर त्याच्या साधुत्वाची किंमत दुबळ्यांना मोजावी लागते.

जानेवारी 1920 मध्ये हा वाद 'यंग इंडिया'च्या पानांवर उघड्यावर आला. टिळकांच्या मते राजकारणात सगळे काही चालते, असे गांधीजींनी लिहिले होते. टिळकांनी पुण्याहून पत्र पाठवून खुलासा केला की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नाही. अक्रोधाने क्रोध जिंकावा हे बुद्धाचे वचन आपल्याला ठाऊक आहे, पण जो जसा येईल त्याला तसे भेटावे हे श्रीकृष्णाचे वचन या जगाला अधिक लागू पडते. गांधीजींनी उत्तर दिले की शठाशीही सत्यानेच वागावे, आणि जग साधूंचे नाही असे म्हणणे हा मनाचा आळस आहे. दोघेही गीतेचे अभ्यासक होते. त्याच वर्षी 1 ऑगस्टला टिळक गेले आणि वाद तसाच राहिला. पुढे 1936 पासून गांधीजी विदर्भातच, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहिले.

टिळकांनी बुद्धाला एका बाजूला उभे केले खरे, पण डॉ. आंबेडकरांचा बुद्ध तसा एकेरी नाही. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नव्हे, असे ते म्हणतात. विहारात अंगुलिमालाची कथा सांगितली जाते, तीही नीट आठवावी. अंगुलिमालाने आधी शस्त्र टाकले, भिक्षू झाला, आणि नंतर भिक्षेला गेल्यावर लोकांनी मारलेले दगड निमूटपणे सोसले. बुद्धाने त्याला संघात घेतले. ज्यांची माणसे त्याने मारली होती त्यांनी राग सोडावा, असा हुकूम मात्र कोणावर सोडला नाही.

इतर धर्मांतही बारकाईने पाहिले की हाच कंगोरा दिसतो. कुराणात अपराधाचा बदला तेवढ्याच मापाचा सांगितला आहे. जो माफ करील आणि समेट करील त्याचे फळ अल्लाहकडे आहे, असे पुढे म्हटले आहे. खुनाच्या बाबतीत माफीचा हक्क मृताच्या वारसांचा. माणसांचे माणसांवर जे हक्क असतात त्यांना हुकूक-उल-इबाद म्हणतात. तिथे ज्याला दुखावले त्याच्याशी हिशेब मिटवावाच लागतो, नुसती प्रार्थना पुरत नाही. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या धर्मपरंपरेत प्रायश्चित्ताच्या दिवशी देवाविरुद्धची पापे धुतली जातात, पण शेजाऱ्याविरुद्ध केलेले पाप शेजाऱ्याची समजूत काढेपर्यंत धुतले जात नाही. येशूने पेत्राला सातदा नव्हे तर सत्तर वेळा सातदा क्षमा करायला सांगितले, हे वचन सर्वांना ठाऊक असते. मत्तयाच्या त्याच अध्यायात त्याच्या आधी एक रीत दिली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून त्याची चूक दाखवा, ऐकले नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, तरीही नाही ऐकले तर मंडळीपुढे मांडा. म्हणजे क्षमेच्या आधी चूक तोंडावर सांगणे आलेच.

जैनांनी क्षमेचा सणच केला. पर्युषणाच्या शेवटी श्वेतांबर संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, दिगंबर क्षमावाणी पाळतात, आणि मोठी माणसे धाकट्यांपुढे हात जोडतात. इतर ठिकाणी क्षमा करण्याची शिकवण असते, इथे क्षमा मागण्याची शिस्त आहे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. तरीही शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरावरून या दोन पंथांचा वाद शतकभर चालला. तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, 1981 मध्ये मंदिराला कुलूप लागले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये ते उघडले. एका माणसाने दुसऱ्याला क्षमा मागणे वेगळे आणि समाजाने समाजाला क्षमा मागणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कोणी कोणाच्या वतीने हात जोडायचे हेच ठरत नाही.

वतीने क्षमा करण्याचा प्रश्न स्वतंत्र भारतात किती बिकट झाला, याचा दाखला गांधीहत्येच्या खटल्यात आहे. मणिलाल आणि रामदास या गांधीपुत्रांनी मारेकऱ्यांची फाशी रद्द करावी अशी विनंती केली. बापाच्या तत्त्वाला ती धरून होती आणि मुलांच्या दुःखाला तिचा अधिकारही होता. सरकारने ती मानली नाही, आणि 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. फाशीच्या शिक्षेबद्दल कोणाचे काहीही मत असो, एक भेद इथे स्पष्ट होतो. मुलांनी आपल्या मनातले वैर सोडले, पण खून हा केवळ मुलांविरुद्धचा गुन्हा नव्हता, म्हणून त्यांची क्षमा शिक्षेच्या आड आली नाही. आणि दुसरी बाजूही विसरता येत नाही. त्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांनी काही केले नव्हते त्यांना शिक्षा झाली. क्षमा जशी दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही, तसा सूडही दुसऱ्याच्या नावावर उगवता येत नाही.

आपल्या फौजदारी कायद्यातही हा भेद कोरलेला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 320) आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे. साधी दुखापत असेल तर ज्याला लागले तोच मिटवू शकतो. घरात घुसखोरी असेल तर घर ज्याच्या ताब्यात आहे तो. गंभीर दुखापत असेल तर मिटवायला न्यायालयाची परवानगी लागते. खून आणि बलात्कार या यादीत नाहीत. 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यातही तडजोडीने गुन्हा मिटवण्याची तरतूद नाही. कलम 359 च्या यादीत प्रत्येक गुन्ह्यापुढे तो कोण मिटवू शकतो ते लिहिलेले आहे. त्यात सरपंचाचे, पाटलाचे किंवा सासऱ्याचे नाव कुठेही नाही.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले दिवाणी, महसुली आणि आपसांत मिटण्याजोगे फौजदारी तंटे समोपचाराने मिटवायचे, अशी तिची रचना. धुऱ्याचे, पांदणीचे, वहिवाटीच्या विहिरीचे भांडण कोर्टात नेले तर दोन पिढ्या तारखा चालतात. तेच ग्रामपंचायतीच्या खोलीत सतरंजीवर बसून एका सांजेला मिटू शकते. हे काम मोलाचे आहे आणि ते ज्यांनी मनापासून केले त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

धोका आहे तो त्या सतरंजीवर कोण कुठे बसते यात. मारहाण झालेली सून असते, तिच्या एका बाजूला सासरची चार माणसे आणि दुसऱ्या बाजूला हात जोडून बसलेला बाप. शेतमालकाने मारलेला सालदार असतो, त्याची पुढच्या गुढीपाडव्यापासूनची सालदारी त्याच मालकाच्या हातात. तिथे "मोठ्या मनानं सोडून दे" असे म्हटले की ते सगळ्यांत लहान माणसालाच सांगितले जाते. मोठ्या माणसाला "पाय धर" असे सांगणारा क्वचित भेटतो. संतांची वचने अशा वेळी हमखास निघतात. पण एकनाथांना कोणी गराडा घालून बसवले नव्हते, ज्ञानदेवांच्या ताटीबाहेर पंच नव्हते. त्यांनी जी क्षमा केली ती त्यांना नाही म्हणायची मोकळीक असताना केली. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून वदवलेल्या माफीला क्षमा म्हणणे हा संतांवरही अन्याय आहे. आणि माफ न करणाऱ्याला कोतेपणाचा दोष देणे तर अधर्मच, कारण प्रल्हादापासून टिळकांपर्यंत आपल्याच परंपरेने त्याच्या नकाराला आधार दिलेला आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मनात वैर धरून जगणे हे धरणाऱ्यालाच जाळते, हे युधिष्ठिराचे म्हणणे खोटे नाही. म्हणून फिर्याद चालू ठेवूनही मनातला द्वेष काढून टाकता येतो, ही टिळकांनी दाखवलेली वाट मला सगळ्यांत उपयोगाची वाटते. कोर्टात साक्ष देऊन बाहेर आलेल्या माणसाने समोरच्याच्या घरच्या मयतीला खांदा द्यायला जावे, यात काही विसंगती नाही. वऱ्हाडात अशी माणसे आजही आहेत.

अमडापूर परिसरातल्या आणि कुठल्याही गावातल्या तंटामुक्ती समितीला, सप्ताहातल्या कीर्तनकारांना आणि ओसरीवर जमणाऱ्या सोयऱ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे. बैठक भरवण्याआधी ज्याच्यावर अन्याय झाला त्याला, आणि ती बाई असेल तर तिला एखाद्या बाईमार्फत, एकट्याला गाठून विचारा की तुला काय हवे आहे. चूक करणाऱ्याला आधी सर्वांसमक्ष चूक बोलून दाखवायला लावा. सरकलेला धुरा मोजणी करून मूळ जागी आणा, दवाखान्याचा खर्च भरून घ्या, ठरले ते लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि एकेक प्रत दोघांनाही द्या. खून, बलात्कार आणि अॅट्रॉसिटीची प्रकरणे सतरंजीवर आणूच नका, त्यांची जागा पोलीस ठाण्यात आहे. एवढे झाल्यावर माफ करायचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवू द्या.